रांगेला आधीं विचारावें

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यांपैकीं पुष्कळांस नवल वाटेल. प्रिंटर आणि त्याच्यापुढें उभी राहणारी कामांची रांग, हा कांहीं नभोवाणीवरून बोलण्याचा विषय आहे काय? ज्यांच्या घरीं संगणक आहे त्यांस तो क्षुल्लक वाटेल, आणि ज्यांच्या घरीं नाहीं त्यांस तो परका वाटेल. परंतु घरीं प्रिंटर असो वा नसो, शाळेचा दाखला, जमिनीचा सातबारा, परीक्षेचें प्रवेशपत्र, यांपैकीं कोणता ना कोणता कागद कोठल्या तरी प्रिंटरमधून बाहेर पडल्यावांचून आज कोणाचें चालत नाहीं. तो कागद बाहेर पडण्यापूर्वीं एका रांगेंत उभा असतो. ती रांग आपणांस दिसत नाहीं, इतकेंच. न दिसणाऱ्या रांगेंत माणूस कसा तुडवला जातो याचा एक अनुभव मला आला, आणि त्यांत अपराध माझा होता. तो प्रथम सांगतों. आणि मग ती रांग पाहण्याची व चालविण्याची विद्या, जेवढी मला समजली तेवढी, आपणांपुढें ठेवतों.

बुलढाणा जिल्ह्यांत, मेहकर तालुक्यांत, खामगांवाहून मेहकरकडे जाणाऱ्या रस्त्यावर जानेफळ नांवाचें गांव आहे. माझी धाकटी बहीण तेथें असते. तिच्या मुलाचें झेरॉक्सचें आणि ऑनलाइन अर्ज भरून देण्याचें लहानसें दुकान आहे. दुकानांत दोन संगणक, एक चालता लेझर प्रिंटर, आणि कोपऱ्यांत फडक्यानें झांकून ठेवलेला एक जुना प्रिंटर. परवान्याचा खर्च नको म्हणून त्यानें दोन्ही संगणकांवर लिनक्स ही मुक्त प्रणाली बसविली आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं जुलैच्या अखेरीस मी तेथें गेलों होतों. खरीपाच्या पीकविम्याची मुदत त्या रात्रीं संपत होती. दुकानांत पाय ठेवण्यास जागा नव्हती. विम्याच्या अर्जास सातबारा लागे, बँकेच्या पासबुकाची प्रत लागे, आणि अमुक पीक पेरलें आहे असें शेतकऱ्याचें स्वयंघोषणापत्र लागे. हें घोषणापत्र छापावयाचें, त्यावर सही किंवा अंगठा घ्यावयाचा, आणि तें पुन्हां संगणकांत चढवावयाचें, तेव्हां अर्ज पुरा. म्हणजे कागद निघाला नाहीं तर अर्जच अडला.

चारच्या सुमारास प्रिंटरमध्यें कागद अडकला. भाच्यानें झांकण उघडून चुरगळलेला कागद काढला, झांकण लावलें, हिरवा दिवा लागला. पण प्रिंटर कांहीं चालेना. जो तो म्हणे, पुन्हां दाब, पुन्हां दाब. माझाहि एक चाळीस पानांचा अहवाल त्या रांगेंत होता, आणि तो मीच तीनदां पाठविला होता. शेवटीं भाचा म्हणाला, "मामा, काय करूं आतां?" मी आयुष्यभर शिक्षकी केलेली; हुकूम सोडण्याची संवय. म्हटलें, "सगळें पुसून टाक आणि नव्यानें सुरू कर." त्यानें सगळें पुसलें. तरीहि प्रिंटर ढिम्म. मग त्यानें पुण्याच्या एका मित्रास फोन केला. मित्रानें एक ओळ सांगितली, ती त्यानें टंकली, आणि प्रिंटर चालूं लागला.

पुढें उभे होते त्यांनीं गलका करून आपापले कागद पुन्हां काढून घेतले. भिंतीलगतच्या बाकावर मात्र एक म्हातारी बाई दुपारपासून बसली होती. तिचें घोषणापत्र पाठविलें गेलें होतें, आणि आपला नंबर येईल तेव्हां बोलावतील अशा विश्वासानें ती बसून राहिली. दिवेलागणीला उठून तिनें विचारलें, "बाबू, माहा कागद निंघाला काय?" तिचा कागद रांगेंतच नव्हता. मीं तो पुसावयास लावला होता. पुन्हां सगळें भरलें, अंगठा घेतला. त्या वेळीं विम्याच्या संकेतस्थळावर इतकी गर्दी की पोच मिळावयास रात्रीचे नऊ वाजून गेले. शेवटची एस. टी. निघून गेली होती. भिजत्या पावसांत भाच्यानें तिला मोटारसायकलवर चार कोसांवरच्या तिच्या गांवीं पोंचविलें. ती आम्हांस एक शब्दहि बोलली नाहीं. बोलली असती तर मी कदाचित् तें विसरलों असतों.

दुसऱ्या दिवशीं त्या पुण्याच्या मित्राकडून मला समजलें कीं, त्याची ती एक ओळ रांग पुसण्यापूर्वींच दिली असती, तर सर्व कामें जशींच्या तशीं, क्रमानें, निघालीं असतीं. पुसण्याची कांहींच गरज नव्हती. तेव्हां हें सर्व मुळापासून समजून घ्यावें असें मीं ठरविलें.

श्रोतेहो, ही रांग कोठून येते? संगणक अत्यंत वेगानें काम करतो आणि प्रिंटर त्या मानानें मंद. संगणकानें प्रत्येक पान छापून होईपर्यंत ताटकळत बसावें हें परवडणारें नाहीं. म्हणून मधें एक सोय केलेली असते. आपल्या पिठाच्या गिरणीचें उदाहरण घ्या. आपण दळणाचा डबा घेऊन जातों, डब्यावर नांवाची चिठ्ठी ठेवतों, डबा रांगेंत लावून घरीं येतों. गिरणीवाला आपल्या सवडीनें, क्रमानें, दळत जातो. दळून होईपर्यंत आपणांस तेथें उभें राहावें लागत नाहीं. संगणकांतील या डबे ठेवण्याच्या जागेस इंग्रजींत स्पूल म्हणतात. त्या शब्दाचा साधा अर्थ दोऱ्याचें रीळ. लिनक्समध्यें तर हें साम्य फारच जवळचें आहे. तेथें प्रत्येक कामाच्या दोन प्रकारच्या फायली ठेवलेल्या असतात. सी या अक्षरानें सुरू होणारी फाईल ती चिठ्ठी: कोणाचें काम, किती प्रती, कोणता कागद. डी या अक्षरानें सुरू होणारी फाईल तें दळण: म्हणजे छापावयाचा प्रत्यक्ष मजकूर.

ही व्यवस्था एका दिवसांत झालेली नाहीं. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९६९ सालापासून युनिक्स नांवाची प्रणाली घडत गेली. तिच्या पुढें दोन परंपरा झाल्या, आणि छपाईच्या आज्ञांच्याहि दोन परंपरा झाल्या. बर्कले येथील विद्यापीठाच्या परंपरेंत छापण्यास एलपीआर, रांग पाहण्यास एलपीक्यू आणि काम काढून टाकण्यास एलपीआरएम अशा आज्ञा. तर दुसऱ्या परंपरेंत त्याच कामांस एलपी, एलपीस्टॅट आणि कॅन्सल. एल आणि पी हीं अक्षरें लाइन प्रिंटर, म्हणजे एकेक ओळ छापणारें यंत्र, यावरून आलीं. तीं यंत्रें बहुतेक नाहींशीं झालीं, नांव राहिलें. पुढें मायकेल स्वीट या गृहस्थानें आपल्या ईझी सॉफ्टवेअर प्रॉडक्ट्स या संस्थेमार्फत कप्स नांवाची छपाईव्यवस्था रचली, ती १९९९ सालीं लोकांपुढें आली, आणि तिनें दोन्ही परंपरांच्या आज्ञा स्वीकारल्या. २००२ सालीं ॲपल कंपनीनें ती आपल्या संगणकांत घेतली आणि २००७ सालीं तिची मालकीहि घेतली. स्वीट यांनीं २०१९ च्या अखेरीस ॲपल सोडलें; आज लिनक्सवरील कप्सचा सांभाळ ओपनप्रिंटिंग नांवाचा गट करतो. म्हणजे जानेफळच्या दुकानांतला प्रिंटर आणि परदेशांतील मोठ्या विद्यापीठांतला प्रिंटर हे बहुधा एकाच व्यवस्थेखालीं चालतात, आणि दोघांचें दुखणेंहि एकच असतें.

आतां विद्येकडे वळूं. पडद्यावरील चित्रांवर बोट न ठेवतां, कळफलकावर एक ओळ टंकून संगणकास काम सांगावयाचें, यास आज्ञेची ओळ म्हणतात. या ओळीचा पहिला उपयोग हुकूम करण्याचा नाहीं, तर प्रश्न विचारण्याचा आहे. मीं त्या दिवशीं नेमकें हेंच उलटें केलें.

प्रश्न विचारणारी आज्ञा एलपीस्टॅट. नुसती रांग पाहावयाची असेल तर तिच्यापुढें जागा सोडून एक आडवी रेघ आणि ओ हें अक्षर द्यावें. प्रत्येक कामाची एकेक ओळ येते: प्रिंटरचें नांव आणि कामाचा क्रमांक, तें पाठविणाऱ्याचें नांव, आकार आणि वेळ. ओ ऐवजीं पी दिलें तर प्रिंटरची अवस्था कळते: तो रिकामा आहे, कांहीं छापीत आहे, कीं थांबविलेला आहे, आणि थांबविलेला असल्यास केव्हांपासून व कां. ए दिलें तर रांग नवीं कामें घेत आहे किंवा नाहीं तें कळतें. आणि टी दिलें तर हें सगळें एकदम पुढें येतें. या आज्ञांनीं कांहींहि बिघडत नाहीं. लहान मुलानें दहादां टंकल्या तरी एक कागद इकडचा तिकडे होत नाहीं.

आतां त्या दिवशीं काय घडलें तें पाहूं. प्रिंटरच्या रांगेस दारें दोन असतात, एक नव्हे. आणि बहुतेकांस याची कल्पना नसते. पहिलें दार बाहेरचें: डबे आंत घ्यावयाचे कीं नाहीं. तें उघडणारी आज्ञा कप्सॲक्सेप्ट आणि लावणारी कप्सरिजेक्ट. दुसरें दार आंतलें: घेतलेलें दळण जात्यांत टाकावयाचें कीं नाहीं. तें उघडणारी आज्ञा कप्सएनेबल आणि लावणारी कप्सडिसेबल. हीं दारें व्यवस्थापकाच्या अधिकारानें चालतात. कप्सच्या मूळ योजनेंत असा नियम आहे कीं, छापतांना काम फसलें तर आंतलें दार आपोआप लागतें आणि प्रिंटर थांबतो. बाहेरचें दार मात्र उघडेंच राहतें. म्हणजे गिरणीचा पट्टा तुटला आहे, जातें बंद आहे, आणि दारांत लोक डब्यावर डबे ठेवीतच आहेत. भाच्यानें अडकलेला कागद काढला म्हणजे पट्टा बसविला. पण आंतलें दार उघडावयास कोणी सांगितलें नाहीं. प्रिंटरचा हिरवा दिवा हें यंत्राचें सांगणें आहे. रांगेचें सांगणें एलपीस्टॅटला विचारल्यावांचून कळत नाहीं. पुण्याच्या मित्रानें जी एक ओळ सांगितली ती म्हणजे कप्सएनेबल आणि पुढें प्रिंटरचें नांव. बस्स, एवढेंच.

लोक पुन्हां पुन्हां बटण दाबतात त्याचा परिणाम काय होतो हेंहि यावरून ध्यानांत येईल. प्रत्येक दाबण्यासरशी एक नवा डबा रांगेंत लागतो. माझ्या अहवालाचे तीन डबे म्हणजे एकशें वीस पानें. आंतलें दार उघडलें असतें तर माझ्या अधीरपणामुळें ऐंशीं पानें फुकट छापलीं गेलीं असतीं, आणि ती म्हातारी तितका वेळ आणखी बसली असती. कप्समध्यें हा नियम बदलतांहि येतो. एलपीॲडमिन या आज्ञेनें एखाद्या प्रिंटरसाठीं असें ठरवितां येतें कीं, काम फसल्यास प्रिंटर न थांबतां तें काम कांहीं वेळानें पुन्हां करून पाहावें. गर्दीच्या दुकानास हा नियम अधिक सोयीचा.

दुरुस्तीस वेळ लागणार असेल तर शिष्टाचार कोणता? आधीं बाहेरचें दार लावावें, आणि लावतांना कारण लिहावें. कप्सरिजेक्ट आणि कप्सडिसेबल या दोन्ही आज्ञांस आडवी रेघ आणि आर हें अक्षर देऊन कारण जोडतां येतें. मग जो कोणी रांगेची अवस्था विचारील त्यास तें कारण वाचावयास मिळतें. दुकानाचें दार लावून "टोनर आणावयास गेलों, तासानें येतों" अशी पाटी टांगणें आणि नुसतेंच कुलूप घालून जाणें, यांत जो फरक तोच येथें. आंत अडकलेलीं कामें दुसऱ्या प्रिंटरकडे वळवावयाचीं असतील तर एलपीमूव्ह ही आज्ञा आहे: जुन्या प्रिंटरचें नांव, मग नव्याचें. कोपऱ्यांत झांकलेला जुना प्रिंटर त्या दिवशीं जोडून ही एक ओळ टंकली असती तर निम्मा दुकानदार मोकळा झाला असता. दोन प्रिंटर नेहमीं चालू असतील तर त्यांचा मिळून एक गट करतां येतो; रांग एक, आणि जो प्रिंटर आधीं मोकळा होईल त्याकडे पुढचें काम. तिकिटाच्या दोन खिडक्यांपुढें एकच रांग लावावी तसें.

आतां पुसण्याविषयीं. कॅन्सल या आज्ञेस कामाचा क्रमांक दिला म्हणजे तेवढेंच काम जातें. तिला आडवी रेघ आणि ए हें अक्षर दिलें म्हणजे सगळीं कामें जातात. टंकावयास दुसरी आज्ञा सोपी, म्हणूनच ती घातक. सामान्य वापरकर्त्यास फक्त स्वतःचीं कामें काढून टाकतां येतात. दुसऱ्याच्या कामास हात लावण्याचा अधिकार व्यवस्थापकाचा. हा भेद शहाणपणानें केलेला आहे. परंतु जानेफळच्या दुकानांत दोन्ही संगणक एकाच नांवानें उघडलेले असत. त्यामुळें रांगेंतील प्रत्येक काम भाच्याच्याच नांवावर दिसे. शेतकऱ्याचें नांव कोठेंच नाहीं. डबे चाळीस आणि सगळ्यांवर चिठ्ठी गिरणीवाल्याचीच! यावर उपाय असा कीं, काम पाठवितांना त्यास शीर्षक द्यावें. एलपी या आज्ञेस आडवी रेघ आणि टी हें अक्षर देऊन पुढें अवतरणचिन्हांत आडनांव आणि गांव लिहिलें कीं झालें. मग एलपीक्यू ही आज्ञा दिली म्हणजे रांगेंत तें शीर्षक दिसतें, आणि तें आपल्या देवनागरींतहि लिहितां येतें. पुसण्यापूर्वीं ज्याचें त्याचें नांव वाचावें लागलें असतें, तर मला खात्री आहे, मीं तो हुकूम सोडला नसता.

रांगेचा क्रम बदलण्याचीहि सोय आहे. प्रत्येक कामास एक ते शंभरपर्यंत महत्त्वाचा अंक असतो. कांहीं न सांगितल्यास तो पन्नास धरतात. एलपी या आज्ञेस क्यू हें अक्षर आणि मोठा अंक दिला म्हणजे काम पुढें सरकतें, लहान दिला म्हणजे मागें राहतें. ही सत्ता फार जपून वापरण्याची आहे. ज्याचा आवाज मोठा त्यास शंभर, आणि जी बाकावर गप्प बसली तिला पन्नास, असें झालें तर त्या अंकाचा उपयोग अन्यायासच झाला. माझ्या मतें योग्य रीत अशी: ज्याची मुदत आज संपते त्याचें काम पुढें, आणि ज्याचें काम मोठें पण निकड नाहीं त्यानें स्वतः आपला अंक उतरवावा. मुंबईंत गणपत कृष्णाजींनीं १८३१ सालीं शिळाछापावर मराठी पंचांग छापलें, तेव्हांपासून आपल्या छापखान्यांस हें ठाऊक आहे. पंचांग पाडव्यापूर्वीं हातीं आलें पाहिजे. पुस्तक आठ दिवसांनीं निघालें तरी चालतें.

मोठें काम रोखून ठेवण्याचीहि आज्ञा आहे. मोठ्या लिपींतील एच हें अक्षर आणि पुढें होल्ड हा शब्द दिला कीं काम रांगेंत राहतें पण छापलें जात नाहीं. रिझ्यूम म्हटलें कीं पुन्हां चालूं लागतें. होल्डच्या जागीं वेळहि देतां येते. मात्र येथें एक खांच आहे. ही वेळ आपल्या घड्याळाची नसून जागतिक प्रमाणवेळ असते, आणि आपलें घड्याळ तिच्या साडेपांच तास पुढें. सकाळीं आठ वाजतां छपाई सुरू व्हावी असें वाटत असेल तर अडीच लिहावे लागतात. आठ लिहाल तर कागद दुपारीं दीडला निघतील, आणि दोष प्रिंटरला द्याल.

आतां एक गोष्ट सांगतों, जी शहरांतील सुशिक्षित कुटुंबांनींहि ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. कागद छापून हातीं आला म्हणजे संगणकांतलें दळण संपलें अशी आपली समजूत. तसें नाहीं. कप्सची नेहमींची योजना अशी कीं, काम संपल्यावर त्याचा मजकूर आणखी एक दिवस, म्हणजे ८६,४०० सेकंद, जपून ठेवावा. आणि चिठ्ठी तर त्याहूनहि अधिक काळ राहते. एलपीस्टॅटला मोठ्या लिपींतील डब्ल्यू आणि पुढें कम्प्लीटेड हा शब्द दिला म्हणजे झालेल्या आणि रद्द केलेल्या कामांची यादी पुढें येते. आपलें आधारपत्र, बँकेचें पासबुक, वैद्यकीय अहवाल आपण दुकानांत छापून घेतों. त्यांचा मजकूर त्या संगणकांत दिवसभर असूं शकतो. कॅन्सल या आज्ञेस एक्स हें अक्षर जोडून क्रमांक दिला म्हणजे चिठ्ठीबरोबर मजकूरहि पुसला जातो. आणि जपून ठेवण्याचा काळ व्यवस्थापकास कमी करतां येतो. दुकानदारानें हें आपण होऊन करावें. गिऱ्हाइकानें विचारण्यास संकोच करूं नये.

परंतु याच गोष्टीची दुसरी बाजू ऐकून मला त्या रात्रीची आठवण अधिकच बोंचली. मजकूर जपलेला असेल तोंवर पूर्वींचें काम पुन्हां चालवितां येतें: एलपी, मग आय हें अक्षर आणि कामाचा क्रमांक, मग मोठें एच आणि रीस्टार्ट हा शब्द. म्हणजे मीं पुसावयास लावलेला त्या बाईचा कागद, रांगेला नीट विचारलें असतें, तर बहुधा तेव्हांच परत काढतां आला असता. ज्या सोयीची धास्ती बाळगावयाची तीच सोय त्या संध्याकाळीं उपकारक झाली असती. दोन्हींत अट एकच: आंत काय आहे तें आपणांस ठाऊक पाहिजे.

आपण विचाराल, पडद्यावरील चित्रांवर टिचकी मारून हें सारें होत असतां ओळी टंकण्याचा खटाटोप कशाला? पुष्कळशी कामें चित्रांनींहि होतात, यांत शंका नाहीं. घरच्या संगणकावर विंडोज असेल त्यांना रांगेची लहानशी खिडकी परिचयाची असेल. परंतु ओळीचे तीन गुण आहेत. पहिला, ती बोलून सांगतां येते. पुण्याहून फोनवर ती जानेफळला पोंचली. "उजवीकडच्या तिसऱ्या चित्रावर टिचकी मार" असें सांगत बसलें असतें तर दोघांचे पडदे निराळे निघाले असते. दुसरा, ती लिहून ठेवतां येते आणि उद्यां तशीच्या तशी उपयोगीं पडते. तिसरा, ती दूरूनहि चालते. गांवांतील इंटरनेट पावसाळ्यांत मंदावतें. चित्रें त्यांतून सरकत नाहींत, पण दोन ओळींचा मजकूर सरकतो. आज्ञांचे शब्द इंग्रजी आहेत हें खरें. पण ते सारे मिळून दहाबारा आहेत. ज्या गांवांतील पोरें मोटारपंपाच्या स्टार्टरपासून मोबाइलपर्यंत सर्व कांहीं स्वतः दुरुस्त करतात, त्यांस दहाबारा शब्द अवघड नाहींत.

परत निघण्यापूर्वीं मीं भाच्याच्या दुकानांत एक पुठ्ठा लिहून टांगला. त्यावर मराठींत सहा ओळी आहेत, आणि प्रत्येकीसमोर तिची आज्ञा. आधीं रांगेला विचारा. मग प्रिंटरला विचारा. यंत्र दुरुस्त केल्यावर आंतलें दार उघडा. प्रत्येक कामावर नांव घाला. पुसावयाचें तर क्रमांक वाचून एकेक पुसा. संध्याकाळीं गिऱ्हाइकांचा मजकूर पुसून दुकान बंद करा. माझें अक्षर सुवाच्य आहे, एवढाच त्या पुठ्ठ्यांत माझा वांटा. बाकी सर्व त्या पुण्याच्या मुलाचें ज्ञान.

पुढच्या खेपेस मी गेलों तेव्हां रब्बीचे दिवस होते. दुकानांत गर्दी बेताची होती. ती म्हातारी बाई पुन्हां आली होती, कोणतासा उतारा काढावयास. मला तिनें ओळखलें कीं नाहीं, सांगतां येत नाहीं. मी मात्र खालीं मान घालून बसलों होतों. भाच्यानें एक ओळ टंकली, पडदा तिच्याकडे वळविला आणि म्हणाला, "आजी, हे पहा, हें तुमचें नांव. तुमच्यापुढें दोघे आहेत." तिला वाचतां येत नव्हतें, पण ती पुढें वांकून त्या ओळीकडे पाहत राहिली, दोन बोटें मोजलीं, आणि मग बाकावर जाऊन बसली.

श्रोतेहो, आपल्या घरीं, कचेरींत वा शाळेंत प्रिंटर अडला म्हणजे बटण पुन्हां दाबण्यापूर्वीं, आणि विशेषतः सगळें पुसून टाकण्यापूर्वीं, रांगेला एकदां विचारावें. तिच्यांत कोण उभें आहे तें वाचावें. मग जो हुकूम करावयाचा तो करावा.